पन्नास माणसांमागे एक

मी विमान कंपनीत आहे, पण मी उडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक कौतुकाने खुर्ची पुढे ओढतात आणि खरं कळल्यावर तोंड पाडून मागे सरकतात. मी विमानतळावर काउंटरला बसतो. बॅगा तोलतो, त्यांना पट्ट्या लावतो, खिडकीची जागा हवी की कडेची ते विचारतो, आणि विमानाला उशीर झाला की शिव्या खातो. विमान माझं नाही, ढग माझे नाहीत, शिव्या मात्र सगळ्या माझ्या.

उडते ती माझी बायको. विमानात चहा-पाणी देणारी, पट्टे तपासणारी, दारं लावणारी, म्हणजे क्रू. सासूबाईंना तिचा कोण अभिमान. "मुलगी आभाळात आणि जावई हमाल," असं त्या आमच्या लग्नातच कुणाला तरी म्हणाल्या होत्या, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी बॅगा उचलत नाही, तोलतो. हा फरक मी त्यांना इतकी वर्षं समजावतोय, पण त्यांनी एकदा मनात घेतलं की घेतलं.

आमच्या नोकरीत एक सवलत असते. घरच्या माणसांना तिकीट जवळजवळ फुकट. पण जागा उरली तर. सगळे तिकीटवाले आत गेले, खुर्ची रिकामी राहिली, की मग तुम्ही. नाहीतर उद्या या. आणि सवलतीवर जाणाऱ्यांनी कसं वागायचं तेही ठरलेलं असतं. नीट कपडे घालायचे, शेजाऱ्याला आपण कसे आलो ते सांगायचं नाही, तक्रार करायची नाही, मिळेल ते खायचं. सासूबाईंनी यातलं एकही पाळलं नाही. त्या विमानात शिरल्या की पहिल्या रांगेपासून सांगत सुटायच्या, "ती बघा, ती माझी मुलगी. फुकटात आणते मला." आणि वर, "नोकरी काय, मजा आहे नुसती. हसायचे पैसे मिळतात हो तिला."

बायको तेव्हा दात ओठ खायची. कारण खरी गोष्ट अशी की हसायचे पैसे मिळतच नव्हते. आमच्या कंपनीत क्रूचा पगार सुरू व्हायचा विमानाचं दार लागल्यावर आणि थांबायचा दार उघडल्यावर. त्याच्या आधी यायचं, सूचना ऐकायच्या, विमान तपासायचं, दारात उभं राहून प्रत्येकाचं स्वागत करायचं, लोकांच्या दगडासारख्या बॅगा वरच्या कप्प्यात कोंबायच्या, जागेवरून भांडणाऱ्यांना सोडवायचं, हे सगळं धर्मादाय. दार उघडं ठेवून विमान अर्धा दिवस खोळंबलं तर अर्धा दिवस धर्मादाय. बायकोने हे आईला समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग दार लवकर लावत जा ना."

तर यावरूनच क्रूने संप केला. जमिनीवरचं कामही काम आहे, त्याचे पैसे द्या, एवढीच मागणी. कंपनीने पहिल्याच दिवशी संपावरच्या सगळ्यांच्या सवलती गोठवल्या. माझी युनियन वेगळी, आम्ही संपावर नव्हतो. त्यामुळे आमच्या घरात मोठी गंमत झाली. सकाळी एकाच स्कूटरवर घरातून निघायचं. विमानतळाच्या फाटकाशी ती उतरायची, गणवेश झटकून पाटी हातात घ्यायची आणि कठड्यामागे जाऊन उभी राहायची. मी आत जायचो कामाला. जाताना तिच्या मैत्रिणी माझ्याकडे असं बघायच्या, जणू मीच त्यांचा पगार खाऊन बसलोय. संध्याकाळी परत एकाच स्कूटरवर घरी. वाटेत विषय काढायचा नाही, हा आमचा अलिखित करार.

आणि नेमका तेव्हाच रुग्णालयातून फोन आला.

सासूबाईंचा एक डोळा कधीच गेलेला. दुसऱ्यावरचा काचेसारखा पडदा गेल्या काही वर्षांत दुधाळ होत होत पांढरा पडला होता. त्यांना उजेड कळायचा, माणूस आहे की दरवाजा ते कळायचं, बस. पडदा बदलायचा म्हणजे कुणीतरी मरताना दिलेला डोळा मिळावा लागतो. त्यासाठी डोंगरांपलीकडच्या मोठ्या शहरात नाव नोंदवून त्या किती काळ थांबल्या होत्या ते विचारू नका. फोनवरची बाई म्हणाली, डोळा आलाय, उद्या सकाळी रुग्णालयात हजर राहा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावा लागेल. आलेला डोळा काही माणसासाठी थांबत नाही.

रस्त्याने जायचं तर डोंगर ओलांडायलाच दोन दिवस. तिकडचं विमान आज दुपारचं, एकच. संपामुळे बाकीची रद्द. आणि त्या एकाची तिकिटं कधीच संपलेली.

"माझ्या नावावर आण त्यांना," मी बायकोला म्हणालो. "माझी सवलत चालू आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईला माझ्या सवलतीवर जावं लागणार, हे आम्हा दोघांच्या एकदमच डोक्यात आलं, आणि इतक्या काळजीतही तिला हसू फुटलं.

सासूबाई काउंटरला आल्या त्या हातात छोटी बॅग घेऊन, शेजारीण पोचवायला सोबत. तिकडे उतरवून घ्यायला रुग्णालयाचा माणूस येणार होता. मी आवाज दिला तशी त्यांनी मान वळवली. "जावईबापू, आज तुमच्या राज्यात आले हो मी," म्हणाल्या. टोमणा मारायलाही जोर नव्हता त्यांच्यात. मी त्यांना काउंटरजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणालो, "आई, काळजी करू नका. आज विमान मोठं आहे, जागा निघेल."

खोटं नव्हतं बोलत मी. दीडशे खुर्च्यांचं विमान, आणि कंपनीने जपून एकशे अडतीसच तिकिटं विकली होती. बारा खुर्च्या रिकाम्या जाणार होत्या. मी मनातल्या मनात त्यांना सातव्या रांगेत खिडकीशी बसवूनही टाकलं. त्यांना खिडकीतून काय दिसणार होतं म्हणा.

तेवढ्यात सकाळच्या फेरीचं विमान परत आलं आणि त्यातून आमच्या हिशेब खात्यातला एक गृहस्थ दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, वाकडा होऊन बाहेर पडला.

हा माणूस म्हणजे कंपनीची हुशारी. संप होणार असं दिसल्यावर कंपनीने ऑफिसातली काही माणसं घाईघाईने शिकवून क्रू म्हणून तयार ठेवली होती. त्यातले बरेचसे दोन फेऱ्यांनंतर आजारी पडले. तीन उरले होते, त्यात हा. जमिनीवरचं काम हे काम नव्हे, असा हिशेब मांडणाऱ्या खात्यातला माणूस. आज लोक चढत असताना कुणाची तरी बॅग वर ठेवायला गेला आणि पाठीत अशी उसण भरली की सगळी फेरी त्याने मागच्या खुर्चीवर कण्हत काढली; माणसं कमी होती म्हणून भागलं. दार लागायच्या आधी झालं हे सगळं, म्हणजे फुकट.

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते लगेच जिरलं. कारण आमचे ड्यूटी मॅनेजर साहेब माझ्या काउंटरला आले आणि हळूच म्हणाले, "शंभरच घ्या."

"शंभर म्हणजे?"

"क्रू दोनच उरले. पन्नास माणसांमागे एक. नियम आहे. दोघांवर शंभर."

हा नियम मला काय ठाऊक नव्हता? आग लागली, धूर झाला, तर पन्नास जणांना बाहेर काढायला निदान एक शिकलेलं माणूस पाहिजे. क्रू ठेवलाय तो त्यासाठी, चहा ही वरची गोष्ट. पण नियम माहीत असणं वेगळं आणि आपल्या खुर्चीशेजारी आपली सासू बसलेली असणं वेगळं. तिकीटवालेच अडतीस जण बाहेर राहणार होते. सवलतवाल्यांचा नंबर त्यांच्यानंतर.

मी माईक घेतला आणि जाहीर केलं. मग जे व्हायचं ते झालं. एक जाडजूड गृहस्थ सगळ्यांच्या पुढे. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काचेतून त्याला विमान दिसत होतं. "अर्धं विमान रिकामं आहे आणि तुम्ही म्हणताय जागा नाही? आंधळे समजता का आम्हाला?"

शेजारच्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नका त्यांच्यावर. ते फक्त बॅगा तोलतात."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खाली वाकून त्यांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. आज जागा नाही. एक क्रू कमी आहे म्हणून नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे क्रूचं एक माणूस आलं, की पन्नास जण जाणार?"

"हो."

"आणि ती बाहेर उभी आहे."

साहेबही तिथेच होते. तेही तेच म्हणाले, फक्त जरा आडून. "तुमच्या मिसेस बाहेरच असतात ना? एका फेरीचा प्रश्न आहे. घरातलीच अडचण आहे, कुणी नावं ठेवणार नाही." नावं ठेवणार नाही म्हणे. फाटकाबाहेर त्यांनी पाच मिनिटं उभं राहून बघावं. मागच्याच आठवड्यात एक मुलगी घाबरून कामावर परत गेली, तर तिच्याशी कुणी बोलत नाही, तिच्या शेजारी कुणी बसत नाही. वर्षानुवर्षं एकत्र उडणाऱ्या बायका. आमच्या हिच्या तर त्या बहिणींसारख्या. हिचं बाळंतपण अडलं तेव्हा रुग्णालयात त्या आळीपाळीने बसल्या होत्या, मी विमानतळावर अडकलो होतो.

तरी मी फोन लावला. दुसरं काय करणार होतो? तिला सगळं सांगितलं. मागून घोषणा ऐकू येत होत्या. मग म्हणाली, "आले."

फाटक आमच्या काउंटरपासून दिसतं, मधे फक्त काच. मी सासूबाईंना हाताला धरून काचेच्या दारापर्यंत नेलं. बायको कठड्यामागून निघून मोठ्या ताईंसमोर जाऊन उभी राहिली. मोठ्या ताई म्हणजे संपाच्या पुढारी. क्रूमधल्या सगळ्यांत जुन्या, निवृत्तीला आलेल्या, बोलायला फटकळ. मी स्वतः त्यांना टरकून असतो.

"ताई, मी आत जाते," बायको म्हणाली. "आईचा डोळा आलाय. माझं नाव काढून टाका तुमच्यातून."

आणि सासूबाई माझा हात सोडून चाचपडत पुढे गेल्या.

"काही जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी घरी चालले."

"आई, डोळा परत मिळणार नाही."

"आणि ह्या मिळतील परत? मला दिसायला लागायचं आणि तू ह्यांच्या नजरेतून उतरायचं, असलं मला नकोय. इतके दिवस काढले, आणखी काढेन." मग माझ्या दिशेने तोंड करून, "जावईबापू, माझी बॅग आणा."

माझं डोकं सणकलं. अहो, कुणावर चिडायचं? आईचं बरोबर, लेकीचं बरोबर, संपाचं बरोबर, पन्नासाचा नियम तर शंभर टक्के बरोबर. सगळे बरोबर आणि विमानात पन्नास खुर्च्या रिकाम्या. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण भर रस्त्यात ओरडलो एवढं खरं. "कुणीच जाऊ नका. सगळे बसा इथेच, एकमेकांचे हात धरून." असं काहीतरी.

मोठ्या ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं तुमचं?" मग बायकोकडे वळल्या. "जायचं तर जा. आईसाठी कुणी अडवत नाही तुला. पण फुकट जाणार आहेस की काय?"

"म्हणजे?"

"बोलवा तुमच्या साहेबांना," त्या मला म्हणाल्या.

साहेब आले. त्यांच्या मागून तो जाडजूड गृहस्थ आला, त्याच्या मागून उरलेले बरेच. ताईंनी आवाज अजिबात चढवला नाही.

"साहेब, ही येईल. पण दार लागल्यापासून नाही. हिचं पाऊल फाटकाच्या आत पडलं की हिचा पगार सुरू. स्वागताचा, बॅगांचा, तपासणीचा, सगळ्याचा."

"अहो ताई, तो तर तुमच्या संपाचाच मुद्दा झाला."

"मग आम्ही इथे हवा खायला उभ्या आहोत का?"

"एका फेरीला दिलं तर उद्या सगळे मागतील."

"उद्या कशाला, आम्ही आजच मागतोय."

साहेबांनी घाम पुसला. "माझ्या हातात नाही हे. वरून विचारावं लागेल."

"विचारा की. आम्हाला कुठे जायचंय?"

तेवढ्यात तो जाडजूड गृहस्थ मला म्हणाला, "थांबा. म्हणजे आत्तापर्यंत माझी बॅग वर ठेवायचे ह्यांना पैसेच मिळत नव्हते?"

"नाही," मी म्हणालो.

"एकदा मी एकीवर ओरडलो होतो, हळू ठेव म्हणून." मग त्याने साहेबांकडे मोर्चा वळवला. तोंड तेच, जोर तोच, फक्त आता दिशा बदलली होती. "अहो, द्या की मग. किती जाणार आहेत एका बाईचे? आम्ही पन्नास जण खोळंबलोय तुमच्या चिकटपणापायी." त्याच्या मागच्यांनीही सूर धरला. माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणावर तरी ओरडलेलं ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

साहेब आपल्या केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, फोनवर बोलताहेत, हात हलवताहेत, मग नुसतं ऐकताहेत, मग परत हात. विमानाची वेळ सरत चालली होती. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि क्रूच्या दोघी त्यांना पाणी देत होत्या. बायको माझ्या शेजारी उभी होती.

साहेब बाहेर आले. चेहरा पडलेला, पण पाय भरभर. "एका फेरीपुरतं," ते म्हणाले. "विशेष बाब म्हणून."

"विशेष तर विशेष," ताई म्हणाल्या. "माईकवरून सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

आणि त्यांनी सांगितलं हो. माझ्याच काउंटरवरून, माझ्याच माईकवरून. दुपारच्या विमानात क्रूच्या एक सदस्या येत आहेत, त्यांना हजर झाल्या क्षणापासून वेतन दिलं जाईल, सर्व प्रवाशांनी गेटकडे यावं. असली घोषणा त्या विमानतळावर तोवर कुणी केली नसेल. बाहेर टाळ्या पडल्या. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या हिच्या गळ्यातला रुमाल नीट करत होत्या. "जा," म्हणाल्या, "आणि सावकाश चाल. आता प्रत्येक पावलाचे मिळतायत."

मग मी असा काम करत सुटलो की बोलायची सोय नाही. अडतीस जण आत घातले. मग सवलतवाल्यांची पाळी. सातव्या रांगेतली खिडकी कुणीतरी घेतली होती, विसाव्या रांगेतली मिळाली. मी सासूबाईंना स्वतः घेऊन निघालो, काउंटर शेजारच्यावर सोडून. विमानाच्या दारात बायको उभी होती, केस बांधलेले, कणा ताठ. "नमस्कार, आपलं स्वागत आहे," ती आईला म्हणाली, बाकीच्यांना म्हणत होती तशीच, तेवढंच हसून.

सासूबाईंना आवाज ओळखू आला. "बघ, हसतेय. आवाजातच कळतंय," त्या मला म्हणाल्या.

"आज त्याचे पैसे मिळतायत, आई," मी म्हणालो.

बायको जोरात हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने पटकन मागच्या माणसाची बॅग उचलली.

विमान गेलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी काउंटरवर जाऊन बसलो तर साहेब माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन टेकले. त्यांचा टाय सैल झाला होता. "माझी नोकरी जाईल बहुतेक," म्हणाले. मी त्यांना माझ्या थर्मासमधला चहा दिला. नोकरी गेली नाही त्यांची, पण त्या दिवशी चहा त्यांनी अगदी मनापासून प्यायला.

खरी मजा पुढे झाली. तेच विमान संध्याकाळी परतीला निघायचं होतं आणि कंपनीने गृहीत धरलं होतं की ही त्यातून येईल. हिने तिथल्या मॅनेजरला सांगितलं, "एक फेरी म्हणालात, एक फेरी झाली. परतीची दुसरी. मी संपावर आहे." आणि आईला घेऊन थेट रुग्णालयात. विमान दोन क्रूवर, शंभर माणसं घेऊन आलं. एरवी ती कामावर असती तर आईला रुग्णालयाच्या दारात सोडायलाही वेळ मिळाला नसता. म्हणजे संपामुळेच ती आईच्या उशाशी बसली. हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी एका नवरा-बायकोच्या बॅगा तोलत होतो. "बसवला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आलात. आई झोपलीय." बस, एवढंच. आणि मला तिथेच, बॅग काट्यावर असताना, रडू फुटलं. ते नवरा-बायको गांगरले. बाई म्हणाली, "अहो, रडू नका, आम्ही काढतो थोडं सामान." काढलंही त्यांनी.

संप त्यानंतर फार दिवस टिकला नाही. एकदा माईकवरून दिलं ते दिलं. जमिनीवरचं काम हे कामच नाही, असं म्हणायला कंपनीला तोंड उरलं नाही. बैठकांवर बैठका झाल्या आणि मिटलं. हजर झाल्यापासून पैसे मिळणार, पण अर्ध्या दराने. सवलती परत. मोठ्या ताई तोंड वाकडं करून घरी गेल्या, पण गेल्या. बाकीच्यांनी नाचायचंच बाकी ठेवलं होतं. आम्ही दोघं त्या दिवशी स्कूटरवरून येताना पहिल्यांदाच त्या विषयावर बोललो, आणि इतकं बोललो की आमचं वळण मागे राहिलं.

डोळा असा एका दिवसात दिसायला लागत नाही. महिने जातात, टाके हळूहळू काढतात. सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. आधी खिडकीच्या गजांच्या रेघा दिसायला लागल्या, मग भिंतीवरचं घड्याळ. एक दिवस सकाळी मी समोर बसलो होतो तर निरखून बघत म्हणाल्या, "जावईबापू, केस कुठे गेले तुमचे?"

"संपात गेले, आई."

"चांगले होते हो," त्या म्हणाल्या, अगदी हळहळून. त्यांना माझं काहीतरी आवडायचं हे मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी दुपारी बायको फेरीवरून आली. नेहमीसारखी आली, बॅग दारात ठेवली, बूट काढले, मोजे काढले आणि कोचावर आडवी झाली. सासूबाई उशाशी बसल्या होत्या, त्या उठून पायाशी गेल्या आणि खाली वाकल्या. मीही बघितलं. रोज समोर असतात म्हणून कधी नीट बघितलेच नव्हते. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या गुंडाळून वर आलेल्या. घोटे सुजलेले. टाचांवर जुने घट्टे, त्यांना भेगा.

"हे कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"काय? पाय? सगळ्यांचेच असतात गं आई, उभं राहून," बायको डोळे मिटूनच म्हणाली. "आधी तुला दिसत नव्हते एवढंच."

"मला वाटायचं विमानात बसून असता तुम्ही."

तोवर बायकोचा डोळा लागला होता. सासूबाईंनी तिचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि तळहाताने पोटऱ्या हळूहळू चोळत बसल्या. बराच वेळ. ती जागी होऊ नये म्हणून मी पंखा हळू केला.

मग सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून, आणि हळू आवाजात विचारलं, "अर्ध्या पैशांवर का मिटवलंत?"